पत्ता घरच्यांच्या हाती

घरातला कॅमेरा बंद पडला असा निरोप येतो, तेव्हा बहुतेक वेळा कॅमेरा ठणठणीत असतो. रात्री त्याचे इन्फ्रारेड दिवे मंद लाल दिसत असतात, रेकॉर्डरमधली हार्ड डिस्क गुरगुरत असते, टीव्ही जोडून पाहिला तर अंगण, जिना, फाटक सगळं दिसतं. फक्त मोबाइलवर ‘ऑफलाइन’ लिहून येतं. मग कॅमेरे बसवणाऱ्या मुलाला फोन जातो. आज येतो, उद्या येतो करत तो एका संध्याकाळी उगवतो, रेकॉर्डरला माउस जोडतो, नेटवर्कच्या पानावर दोन-चार आकडे बदलतो आणि चित्र परत येतं. ‘काय झालं होतं रे?’ असं काकांनी विचारलं, तर इंदुरी उत्तर ठरलेलं : ‘कुछ नहीं अंकल, आयपी बदल गया था.’ काका मान डोलावतात, काकू चहा आणतात, पैसे दिले जातात. त्या पानावर आधी कोणते आकडे होते आणि आता कोणते झाले, हे कोणी लिहून ठेवत नाही. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तोच फोन.

ही पुस्तिका त्या एका पानाबद्दल आहे. कॅमेरा कोणता घ्यावा, किती मेगापिक्सेलचा, फाटकावर लावावा की पोर्चमध्ये, यावर दुकानदार, शेजारी आणि यूट्यूब भरभरून सांगतात. पत्त्यांबद्दल मात्र कोणी बोलत नाही, कारण ते ‘टेक्निकल’ समजलं जातं. प्रत्यक्षात त्यात बेरीज-वजाबाकीपलीकडचं गणित नाही. चार जागा असतात, त्यांत चार पत्ते भरायचे असतात, आणि कोणत्या जागेत काय व का, एवढं समजलं की निम्म्याहून अधिक तक्रारी घरच्या घरी मिटतात.

पण केवळ त्या मुलाच्या फेऱ्या वाचवण्यासाठी एवढा खटाटोप केलेला नाही. कॅमेरा आपण विकत घेतो, भिंतीला भोकं आपली पडतात, विजेचं बिल आपण भरतो. पत्ते आणि पासवर्ड मात्र दुसऱ्याच कोणाच्या मोबाइलमध्ये असतात. आपल्या दाराशी कोण आलं, घरातून कोण कधी बाहेर पडलं, हे पाहण्याची सोय आपण पैसे देऊन उभी केली, आणि ती कोणाला पाहता येते हे मात्र आपल्याला ठाऊक नाही, अशी अवस्था शेकडो सुशिक्षित घरांत आहे. ज्याला कॅमेऱ्याचा पत्ता आणि पासवर्ड माहीत, तोच त्याचा खरा मालक. ते मालकपण घरच्यांकडे परत यावं, हा या पुस्तिकेचा हेतू आहे.

इंदूरला कॅमेऱ्यांचं वावडं कधीच नव्हतं. जगातल्या शहरांमधले कॅमेरे मोजणाऱ्या कंपॅरिटेक या संस्थेच्या अलीकडच्या वर्षांतल्या याद्यांत इंदूर अगदी वरच्या शहरांत आलं आहे. दर हजार माणसांमागे साठच्या आसपास कॅमेरे, असा त्यांचा हिशेब. महापालिकेने गर्दीच्या आस्थापनांना कॅमेरे सक्तीचे करणारे उपविधी केले. सराफा बाजारात तर दिवसा सोन्याच्या पेढीवर रोखलेला कॅमेरा रात्री त्याच ओट्यासमोर भुट्ट्याचा कीस खाणाऱ्यांची गर्दी टिपत असतो. ही झाली रस्त्याची आणि बाजाराची गोष्ट. घरांतले कॅमेरे या मोजणीत जवळपास धरलेलेच नाहीत.

आणि घरांची गोष्ट वेगळी आहे. रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर, टिळक नगर या आपल्या मराठी वस्त्यांत फिरलं की चित्र सारखंच दिसतं. मुलं पुण्याला, बंगळुरूला किंवा थेट अमेरिकेत. घरी आई-वडील, कधी त्यांतलं एकच. दिवाळीला आलेला मुलगा जेल रोडवरून चार कॅमेऱ्यांचा सेट आणतो, दोन दिवसांत बसवून घेतो आणि मोबाइलवर ॲप टाकून परत जातो. चोर पकडावा हा उद्देश नावाला असतो. दुपारी दूधवाला येऊन गेला का, बाबा फिरून परत आले का, आईने अंगणातला दिवा लावला का, हे पाहायचं असतं. म्हणजे कॅमेरा इंदुरात आणि पाहणारा शेकडो-हजारो मैलांवर. अशा वेळी पत्त्याचा प्रश्न ऐच्छिक राहत नाही. टीव्हीवर चित्र दिसतंय म्हणून घरचे निर्धास्त असतात आणि परदेशातल्या मुलीच्या मोबाइलवर काळी चौकट असते. दोघंही खरं बोलत असतात आणि फोनवर वाद होतो.

कॅमेऱ्याला पत्ता असणं ही तशी अलीकडची गोष्ट. पूर्वीच्या सीसीटीव्हीत कॅमेऱ्यापासून रेकॉर्डरपर्यंत एक कोअ‍ॅक्सियल केबल यायची आणि चित्र त्या तारेतून वाहायचं. कोणत्या तारेत कोण आहे हे रेकॉर्डरमागच्या भोकाच्या क्रमांकावरून कळायचं. इंदुरातल्या अनेक घरांत आजही हीच पद्धत आहे. त्या रेकॉर्डरला डीव्हीआर म्हणतात, आणि अशा घरात पत्ता असतो तो एकट्या डीव्हीआरला. त्याची सगळी माहिती या पुस्तिकेच्या पहिल्या भागात आहे. तेवढा वाचला तरी अशा घराचं काम भागेल.

कॅमेरा थेट नेटवर्कवर आला तो १९९६मध्ये, स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीच्या नेटआय २०० या यंत्राने. त्याच्या पाच वर्षं आधी केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी कॉफीचं भांडं भरलंय की रिकामं हे आपल्या टेबलावरून पाहता यावं म्हणून त्याच्यावर कॅमेरा रोखला होता. जिना चढून गेल्यावर कॉफी संपलेली सापडणं त्यांना नको होतं. योगायोग असा, की १९९६च्याच फेब्रुवारीत आरएफसी १९१८ नावाचं एक टिपण प्रसिद्ध झालं आणि घरगुती व कार्यालयीन वापरासाठी पत्त्यांचे तीन पट्टे राखून ठेवले गेले : १०ने सुरू होणारा, १७२.१६ ते १७२.३१चा आणि १९२.१६८चा. आज इंदुरातल्या जवळपास प्रत्येक घरातल्या कॅमेऱ्याचा पत्ता यांतल्याच एका पट्ट्यातला असतो. नव्या पद्धतीच्या रेकॉर्डरला एनव्हीआर म्हणतात, आणि तिथे रेकॉर्डरला पत्ता असतो तसा प्रत्येक कॅमेऱ्यालाही स्वतःचा असतो. चार कॅमेऱ्यांच्या घरात सांभाळायचे पत्ते पाच.

हे पट्टे राखून ठेवण्याची गरज का पडली? आजही सर्रास वापरात असलेली आयपीची चौथी आवृत्ती १९८१ची. तिच्यात एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते बसतात. तेव्हा ते न संपणारे वाटले. आज पृथ्वीवर माणसंच आठशे कोटींच्या वर आहेत आणि एकेका घरात दोन फोन, टीव्ही, लॅपटॉप, चार कॅमेरे. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११मध्ये वाटले गेले. हे होणार याची चाहूल खूप आधी लागली होती, म्हणून व्यवस्था अशी झाली, की बाहेरच्या जगाला घराचा एकच पत्ता दिसावा आणि आत घराने आपापले पत्ते ठरवावेत.

जुन्या इंदुरातला एखादा वाडा डोळ्यांसमोर आणा. रस्त्यावर एकच दिंडी दरवाजा, आत चौकाभोवती दहा बिऱ्हाडं. पोस्टमनला वाडा माहीत. आतली तिसऱ्या मजल्यावरची डावीकडची खोली कोणाची, हे वाड्यातल्यांनाच माहीत. ‘तळमजला, खोली पाच’ शेजारच्या वाड्यातही असते आणि त्याने काही बिघडत नाही, कारण दोन्ही खोल्या आपापल्या दरवाजाआड आहेत. राउटर हा तो दिंडी दरवाजा. १९२.१६८.१.५ हा पत्ता तुमच्या घरी असेल, समोरच्या घरीही असेल, दोघांची गाठ पडत नाही. मात्र एकाच वाड्यात दोन बिऱ्हाडांनी ‘खोली पाच’ अशी पाटी लावली, तर पत्र कोणाला द्यायचं यावरून रोज भांडण. नेटवर्कवर हे भांडण शब्दशः होतं, आणि त्याच्याबद्दल पुढे सांगतोच.

आता त्या पानावरच्या चार जागा. पहिली आयपी ॲड्रेस : या यंत्राचा स्वतःचा पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२०१. दुसरी सबनेट मास्क, जी घरात जवळपास नेहमी २५५.२५५.२५५.० असते. तिचा अर्थ एवढाच, की पत्त्याचे पहिले तीन गट जुळले तर समोरचं यंत्र आपल्याच घरातलं, नाही तर बाहेरचं. तिसरी गेटवे : बाहेर जायचं असेल तर कोणाकडून जायचं, म्हणजे राउटरचा पत्ता. चौथी डीएनएस : नावावरून पत्ता शोधून देणारा, तिथे राउटरचाच पत्ता किंवा ८.८.८.८सारखा एखादा सार्वजनिक पत्ता चालतो. पहिल्या दोन जागा बरोबर असल्या की घरात चित्र दिसतं. शेवटच्या दोन चुकल्या की मोबाइलवर दिसत नाही. मघाशी सांगितलेल्या फोनवरच्या वादाचं उत्तर बहुधा या दोन वाक्यांत सापडतं.

गेटवे आणि डीएनएस रिकामे राहिले तर आणखी एक गोष्ट बिघडते आणि ती महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही : घड्याळ. रेकॉर्डर आपली वेळ इंटरनेटवरून जुळवून घेतो. बाहेर जायची वाटच नसेल तर त्याचं घड्याळ हळूहळू पुढे-मागे होत जातं. दुसरा प्रकार टाइम झोनचा. चिनी बनावटीची कित्येक यंत्रं बीजिंगची वेळ घेऊन येतात. ती आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. रात्री अकराला कोणी फाटकावरून उडी मारली, तर चित्रावर दीड वाजलेला दिसतो आणि तारीखही दुसऱ्या दिवसाची. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३व्या कलमाप्रमाणे असं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून द्यायचं तर सोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. ज्या रेकॉर्डरची वेळच खोटी, त्याच्याबद्दल लिहून देताना कोणाचाही हात अडखळेल. म्हणून पत्त्यांच्या प्रकरणाला लागूनच घड्याळाचं प्रकरण घेतलं आहे.

बिघाडाचे प्रकार मोजकेच असतात. पहिला दुहेरी पत्त्याचा. कारखान्यातून निघताना एका कंपनीच्या बहुतेक कॅमेऱ्यांवर एकच पत्ता असतो; हिकव्हिजनच्या कॅमेऱ्यांचा १९२.१६८.१.६४ आणि दाहुआच्यांचा १९२.१६८.१.१०८ हे या धंद्यात पाठ असलेले आकडे. चार नवे कोरे कॅमेरे एकदम स्विचला, म्हणजे सगळ्या केबल एकत्र आणणाऱ्या डब्याला, जोडले, तर चौघंही एकाच पत्त्यावर हक्क सांगतात. मग पडद्यावर आता अंगण, आता जिना, मग काहीच नाही, असा खेळ सुरू होतो आणि कॅमेरेच सदोष आहेत असं समजून ते दुकानात परत नेले जातात. उपाय साधा आहे : एक जोडायचा, त्याचा पत्ता बदलायचा, त्याच्यावर पेन्सिलने शेवटचा आकडा लिहायचा, मग दुसरा.

दुसरा प्रकार लाइट गेल्यानंतरचा. राउटरमध्ये डीएचसीपी नावाची सोय असते. घरात येणाऱ्या प्रत्येक यंत्राला ती मोकळा पत्ता काही काळापुरता देते. फोनला हे चालतं, कारण फोनला शोधत कोणी येत नाही. रेकॉर्डरला मात्र कॅमेरा शोधायचा असतो. पावसाळ्यात वीज गेली, परत आली, राउटर नव्याने सुरू झाला आणि त्याने काल अंगणाच्या कॅमेऱ्याला दिलेला पत्ता आज पाहुण्याच्या मोबाइलला देऊन टाकला, की रेकॉर्डर जुन्या पत्त्यावर दार वाजवत बसतो. ‘आयपी बदल गया’चा खरा अर्थ हा. म्हणून रेकॉर्डर आणि कॅमेरे यांचे पत्ते कायमचे ठरवून द्यायचे आणि राउटरच्या वाटपाच्या पट्ट्याबाहेर ठेवायचे. या पुस्तिकेत सगळीकडे एकच आखणी वापरली आहे : राउटर १वर, फोन-टीव्ही-पाहुणे यांच्यासाठी ५० ते १९९, रेकॉर्डर २००वर आणि कॅमेरे २०१पासून पुढे, फाटकापासून सुरुवात करून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. दिशा कोणतीही चालेल. ती ठरलेली असावी.

तिसरा प्रकार गेल्या काही वर्षांत सर्वांत जास्त दिसतो, म्हणून तो थोडा जवळून पाहू. घरात जुनं ब्रॉडबँड होतं. त्याच्या राउटरचा आतला पत्ता १९२.१६८.१.१, आणि कॅमेरे बसवणाऱ्याने त्याला धरून सगळं व्यवस्थित कायम केलं होतं. मग घरच्यांनी स्वस्त पडतं म्हणून जिओफायबर घेतलं. त्याच्या राउटरचा आतला पत्ता सहसा १९२.१६८.२९.१ असतो. जोडणी करायला आलेला मुलगा जुना डबा काढतो, नवा लावतो, टीव्ही आणि फोन चालू करून दाखवतो आणि जातो. त्याचं काम चोख झालं. इकडे रेकॉर्डर आणि चार कॅमेरे अजून १९२.१६८.१च्याच पट्ट्यात आहेत. एकमेकांना ते नीट ओळखतात, म्हणून टीव्हीवर चित्र पूर्वीसारखंच. पण बाहेर जायचं तर रेकॉर्डर १९२.१६८.१.१ला हाक मारतो, आणि त्या नावाचं घरात आता कोणी नाही. मोबाइलवर ऑफलाइन. ॲप काढून पुन्हा टाकतात, पासवर्ड बदलून पाहतात, कोणी रेकॉर्डर रिसेट करतो आणि असलेलं सगळं घालवून बसतो.

याला दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे पाचही यंत्रांच्या पत्त्यांत तिसरा गट १ काढून २९ करायचा आणि गेटवेही तसाच बदलायचा. लॅपटॉपवरून करत असाल तर आधी कॅमेरे आणि शेवटी रेकॉर्डर. दुसरा उपाय उलट्या बाजूने : नवा राउटर परवानगी देत असेल तर त्याचाच आतला पत्ता १९२.१६८.१.१ करायचा. बाकी काहीही हलवावं लागत नाही, कारण घराची आखणी तीच राहिली. बसवणाऱ्या मुलांना पहिला उपाय सवयीचा असतो. घरच्यांना दुसरा सोपा. कंपनी कितीदाही बदला, घराची आखणी आपण ठरवली ती, एवढं लक्षात ठेवलं की पुरतं.

यातही एक सवलत आहे. ज्या एनव्हीआरच्या मागेच कॅमेऱ्यांची भोकं असतात, म्हणजे एकाच केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही जातं, ते एनव्हीआर आपल्या पाठीमागे वेगळं खासगी नेटवर्क उभारतात आणि कॅमेऱ्यांना पत्ते स्वतःच वाटतात. तिथे तुम्ही फक्त रेकॉर्डरचा पत्ता बदलायचा. मात्र त्याच घरात मागाहून एखादा वायफाय कॅमेरा घेतला, तर तो राउटरच्या बाजूला बसतो, रेकॉर्डरच्या पाठीमागे नव्हे, आणि आखणीत त्याची वेगळी नोंद लागते.

आता घराबाहेरून पाहण्याचा भाग. तो या पुस्तिकेत सर्वांत मोठा आहे आणि धोकाही तिथेच आहे. पूर्वी पद्धत अशी होती, की राउटरमध्ये एक खिडकी उघडायची, म्हणजे पोर्ट फॉरवर्ड करायचं, आणि बाहेरून येणारी हाक थेट रेकॉर्डरकडे पाठवायची. हिकव्हिजनसाठी ८०००, दाहुआसाठी ३७७७७, ब्राउझरसाठी ८०. आज इंदुरातल्या बऱ्याच घरांत ही युक्ती चालतच नाही. पत्ते कमी पडल्यामुळे इंटरनेट कंपन्या अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. वाड्याच्या दरवाजाबाहेर आता अख्ख्या गल्लीचाही एक दरवाजा आला आहे आणि त्याची किल्ली कंपनीकडे. या मधल्या मुलुखासाठी २०१२मध्ये १००.६४पासून १००.१२७पर्यंतचा पट्टा राखून ठेवला गेला. राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता या पट्ट्यातला किंवा १०ने सुरू होणारा दिसला, तर पोर्ट उघडत बसण्यात अर्थ नाही. तीन वाटा उरतात : कंपनीकडून जास्तीचे पैसे भरून स्थिर पत्ता घेणं, रेकॉर्डर बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत क्यूआर कोडने जोडणं, किंवा घरापर्यंत स्वतःचं व्हीपीएन, म्हणजे फक्त आपल्यासाठीची बंदिस्त वाट, नेणं. बहुतेक घरांना दुसरी वाट पुरते. आयपीच्या सहाव्या आवृत्तीत प्रत्येक यंत्राला स्वतःचा जागतिक पत्ता मिळू शकतो आणि भारत तिच्या वापरात पुढे आहे. पण मग राउटरची फायरवॉल, म्हणजे बाहेरची नकोशी हाक अडवणारी सोय, चालू आहे ना, हे पाहणं अधिकच गरजेचं होतं.

उघडी खिडकी किती महागात पडते हे जगाने २०१६मध्ये पाहिलं. मिराई नावाच्या प्रोग्रामने इंटरनेटवर उघडे पडलेले कॅमेरे आणि रेकॉर्डर शोधून काढले आणि कारखान्यातल्या साठेक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या त्यांवर लावून पाहिल्या. ज्यांनी पासवर्ड बदलला नव्हता त्यांची यंत्रं त्याच्या ताब्यात गेली. २१ ऑक्टोबर २०१६ला या फौजेने डाइन या डीएनएस कंपनीवर एकाच वेळी मारा केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिटसारखी संकेतस्थळं काही तास मिळेनाशी झाली. ज्यांच्या कॅमेऱ्यांनी हे केलं, त्या घरमालकांना कशाचाच पत्ता नव्हता; त्यांच्या पडद्यावर अंगण नेहमीप्रमाणे दिसत होतं.

आपल्या जवळचं उदाहरण अधिक बोचणारं आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या कॅमेऱ्यांची चित्रं चोरून टेलिग्रामवर विकली जात असल्याचं उघड झालं. पकडल्या गेलेल्यांत लातूर आणि सांगलीकडचेही होते. तिथला पासवर्ड ‘ॲडमिन १२३’ होता, अशा बातम्या नंतर आल्या. तपासणीच्या खोलीत कॅमेरा असावा का, हा पहिला प्रश्न. पण कॅमेरा लावल्यावर त्याची दारं कोणी पाहिली का, हा दुसरा प्रश्न तितकाच मोठा.

आज परिस्थिती थोडी सुधारली आहे. बहुतेक नामांकित कंपन्यांची नवी यंत्रं पासवर्ड ठरवल्याशिवाय सुरूच होत नाहीत. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एप्रिल २०२४मध्ये सीसीटीव्हीसाठी सुरक्षेच्या आवश्यक अटी जाहीर केल्या आणि एप्रिल २०२५पासून कॅमेऱ्यांना त्या चाचणीतून जावं लागतं. पण यंत्र कितीही शहाणं झालं, तरी पहिल्या दिवशी तो पासवर्ड कोण टाइप करतं? बसवायला आलेला मुलगा. त्याला दिवसात तीन घरं उरकायची असतात, म्हणून तो सगळ्या घरांत एकच पासवर्ड ठेवतो, बहुधा दुकानाचं नाव आणि पुढे १२३. त्यात त्याचा वाईट हेतू नसतो. रात्री फोन आला तर आठवावा एवढीच त्याची अडचण. परिणाम मात्र असा, की त्याच्या हाताखालून सोडून गेलेल्या प्रत्येक पोराला गावातल्या दीडशे घरांची अंगणं खुली. पुस्तिकेत जे पान जाड चौकटीत छापलं आहे, ते या पासवर्डाबद्दल आहे, आणि बाकी काही वाचायला वेळ नसेल तर ते तेवढं वाचावं.

शेजाऱ्यांबद्दल दोन शब्द. पत्ता आपल्या ताब्यात आला म्हणून दुसऱ्याचं दार पाहण्याचा हक्क मिळत नाही. बहुतेक रेकॉर्डरमध्ये चित्राचा एखादा भाग काळा करण्याची सोय असते. समोरच्यांची खिडकी येत असेल तर ती झाकावी, आणि झाकली आहे हे त्यांना बोलावून दाखवावं. आपल्या गल्ल्यांत कॅमेऱ्यावरून होणारी भांडणं एवढ्यानेच बरीच कमी होतील.

पुस्तिका कोणासाठी आहे, हेही सांगायला हवं. ज्याला लॅपटॉपवर बँकेचं काम जमतं त्याला ही जमेल. नेटवर्किंगचा अभ्यास करणाऱ्यांना हिच्यात नवं काही सापडणार नाही आणि तसा दावाही नाही. यंत्रांच्या पडद्यावरची नावं इंग्रजीत असतात. ती इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत, कारण ‘गेटवे’ला ‘प्रवेशद्वार’ म्हटलं तर वाचणारा पडद्यावर तो शब्द शोधत बसेल. आकडेही देवनागरीत आहेत; यंत्रात भरताना ते इंग्रजी अंकांतच भरावे. प्रत्येक कृतीच्या शेवटी तपासणी दिली आहे, म्हणजे आपण केलं ते झालं का हे दुसऱ्याला न विचारता कळेल. सर्वांत साधी तपासणी पिंगची : लॅपटॉपवर पत्ता टाकून हाक मारायची, ओ आली तर यंत्र जागं आहे आणि त्या पत्त्यावरच आहे. ओ आली नाही तर केबल, वीज आणि लॅपटॉपचा स्वतःचा पट्टा, या क्रमाने पाहायचं. पुष्कळ ज्ञान सांगण्यापेक्षा हा क्रम सांगणं मला महत्त्वाचं वाटलं, कारण घाबरलेला माणूस पहिल्यांदा रिसेटचं बटण दाबतो.

कॅमेरे बसवणाऱ्या मुलांविरुद्ध ही पुस्तिका लिहिलेली नाही. उन्हाळ्याच्या दुपारी शिडीवर चढून भिंतीला भोकं पाडणं, शंभर मीटरांच्या मर्यादेत केबल ओढणं, ती चिमटून टोकं बसवणं हे कसबाचं काम आहे आणि ते त्यांनीच करावं. घरात पत्त्यांची वही असली तर त्यांचंही काम हलकं होतं. पाऊण तास पत्ते शोधण्यात जातो तो वाचतो. चांगले कारागीर अशी वही दिसली की खूश होतात, हा अनुभव आहे.

शेवटच्या पानावर कोरा तक्ता जोडला आहे. राउटरचा आतला पत्ता, वाटपाचा पट्टा, रेकॉर्डरचा पत्ता, प्रत्येक कॅमेऱ्याचा पत्ता आणि त्याची जागा, मास्क, गेटवे, डीएनएस, टाइम झोन, आणि बदल केला ती तारीख. पासवर्ड या तक्त्यात लिहू नका. तो घराची कागदपत्रं असतात तिथे वेगळ्या पाकिटात ठेवा आणि बाहेरगावी असलेल्या मुलांपैकी एकाला सांगून ठेवा. पुढच्या वेळी कॅमेरेवाला येईल तेव्हा चहाबरोबर हा तक्ता आणि पेन त्याच्यापुढे ठेवा. सगळ्या जागा भरून झाल्यावर नेटवर्कचं पान पडद्यावर उघडून आकडे जुळवून घ्या, पासवर्ड त्याच्यासमोर स्वतःच्या हाताने बदला, मोबाइलचं वायफाय बंद करून बाहेरून चित्र येतंय ना ते पाहा, आणि मग पैसे द्या.